जयमालानं सासऱ्याला विचारलेला प्रश्न

जयमाला एका जागी बसत नाही. माझ्या घरी आली तरी चहाचा कप हातात घेऊन उभीच. बस म्हटलं की म्हणते, "ताई, बसले की डोकं बंद पडते माह्यं." उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत बोलते, मधेच थांबून नखं कुरतडते, पुन्हा चालू लागते. तिची सासू मनकर्णाबाई म्हणते, या पोरीच्या पायाले चाकं लावून देल्ले देवानं.

बुलडाणा जिल्ह्यात धाडच्या अलीकडं एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगणार आहे, त्याची अब्रू एकदा चारचौघांत निघाली, तेवढी पुरे झाली. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. सासरा किसनराव, नवरा गोकुळ. सोयाबीन, हरभरा आणि विहिरीच्या पाण्यावर वांगी-मिरची. जयमाला बारावी होऊन या घरात आली आणि लग्नानंतर पाच वर्षांनी तिनं बुलडाण्याच्या एका खाजगी संस्थेत नाव घातलं. कोर्स तातडीच्या वैद्यकीय सेवेचा. म्हणजे रुग्णवाहिकेत मागच्या बाजूला पेशंटजवळ जो माणूस बसतो, तो व्हायचं शिक्षण.

परवानगी किसनरावांनी दिली होती. ती कशी दिली तेही ऐका. ओसरीवर बसून, सुपारी कातरत, सुनेकडं न बघता, मुलाला सांगितलं, "जाऊ दे तिले. पण ज्या दिवशी या घराची मान खाली गेली, त्या दिवशी शिक्षण बंद."

अशी परवानगी म्हणजे गळ्यात दोरी बांधून चरायला सोडणं. मी तेव्हाच बोलले असते. जयमालानं मला डोळ्यांनी गप्प केलं.

कोर्समध्ये तिला सगळ्यात जास्त छळलं ते औषधशास्त्रानं. मास्तर वाईट नव्हते, घाईत होते. पडद्यावर इंग्रजी ओळी यायच्या, ते वाचायचे, पोरं लिहून घ्यायची. मी एकदा जाऊन वर्गाच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, या पोरांपैकी एकाला तरी मराठीत सांगता येईल का की गोळी जिभेखाली का ठेवायची? मास्तर म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हणाले, उद्या ही पोरं जिच्या तोंडात गोळी घालणार, ती मी. त्यांना हसू आलं, पण पुढच्या तासापासून ते मराठीत समजावू लागले. एवढ्यावर मी त्यांना माफ केलं.

जयमालानं मात्र आपली वाट वेगळीच काढली. सासऱ्याचा फवारणीचा पंप समोर ठेवून ती औषधं शिकली. आमच्याकडं कृषी केंद्रवाल्याला विचारल्याशिवाय कुणी एका पंपात दोन औषधं घालत नाही. काही औषधं एकमेकांना मारतात. काही एकत्र आली की दुप्पट चढतात, पीक जळतं. हे पोरासोरांनाही माहीत. "अन् ताई," जयमाला माझ्या उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "हाच माणूस सोताच्या पोटात काय काय ओतते ते कोणाले विचारते काय?"

फेऱ्या मारत ती मला शिकवायची. गिळलेली गोळी लांबच्या रस्त्यानं जाते. पोट, आतडं, मग यकृत, आणि यकृत त्यातला बराच भाग वाटेतच खाऊन टाकतं. जिभेखालची गोळी थेट रक्तात उतरते, म्हणून दोन मिनिटांत काम करते आणि चुकली तर दोन मिनिटांतच घात करते. औषध घेतलं आणि माणूस विसरला, तरी शरीर विसरत नाही. कुठलं औषध निम्मं उतरायला चार तास लागतात, कुठल्याला जवळजवळ दिवस. म्हणून नवीन औषध देण्याआधी आत आधीचं काय बसलंय ते विचारायचं. हा प्रश्न तिनं इतका घोकला होता की झोपेत उठवलं तरी म्हणाली असती.

पण रुग्णवाहिकेवर शिकाऊ म्हणून जायला लागल्यावर तिला कळलं की प्रश्न घोकून भागत नाही. "कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं की माणूस म्हणतो, काहीच नाही. त्याच माणसाच्या उशाशी पुडी असते. बाजाराच्या दिवशी धाडला एका कडेला चादर अंथरून, मुळ्या, साली आणि बरण्या मांडून माणसं बसतात. गुडघ्याची पुडी, गॅसची पुडी, ताकदीची पुडी. कागदात बांधून देतात. आमच्या लोकांच्या लेखी ती औषधं नव्हेत. ती जडीबुटी. औषध म्हणजे जे दवाखान्यातून येतं, पत्र्याच्या पाकिटातून निघतं ते. पुडी म्हणजे जशी हळद, जसा ओवा. माणूस खोटं बोलत नाही हो. त्याला खरंच वाटतं की आपण काही घेत नाही.

किसनरावांचं दुखणं उपटलं ते सोयाबीन काढणीच्या दिवसांत, भर दुपारी. मी त्या दिवशी त्यांच्याच घरी होते. पुडीवाल्यांबद्दल ग्रामसभेत बोलायला जयमालाला तयार करत होते आणि ती नेहमीसारखी अंगणात येरझारा घालत नाही-नाही म्हणत होती. तेवढ्यात किसनराव खळ्यावरून आले. पायऱ्या चढले आणि खांबाला धरून उभे राहिले. सदरा पाठीला चिकटला होता. आमच्याकडचं ऊन असलं तरी तो घाम उन्हाचा नव्हता.

"काय झालं हो?" मनकर्णाबाई.

"काई नाई. छातीवर कोणी बसल्यावानी वाटून राह्यलं." एवढं बोलून त्यांनी डावा जबडा चोळला.

जयमालानं सासऱ्याला कधी हात लावला नव्हता. समोर जायची तर पदर डोक्यावर, बोलायचं तर सासूमार्फत. त्या क्षणी तिनं त्यांच्या दोन्ही दंडांना धरून भिंतीला टेकवून बसवलं. मला म्हणाली, "ताई, गाडीले फोन लावा, स्पीकरवर ठेवा." आतून तिचं सरावाचं बीपीचं यंत्र आणलं. फोन लागला, गाडी निघाली. मग गाडीवरच्या डॉक्टरांचा आवाज आला. ते तिला ओळखत होते, तिची शिकाऊ ड्यूटी त्यांच्याच गाडीवर असायची.

"किती आहे बीपी?"

"एकशे दहावर सत्तर, सर. नाडी जलद आहे. घाम आहे. दुखणं जबड्यात जातंय."

"ॲस्पिरिन आहे का घरात? डोकेदुखीची पाण्यात विरघळणारी चालेल. आधी विचारा, चालत असेल तर चावून खायला द्या."

तिनं विचारलं. पोटात कधी व्रण? काळी शी? गोळीनं कधी अंगावर गांधी उठल्या? मनकर्णाबाई सगळ्याला नाही-नाही म्हणत गेल्या. गोळी किसनरावांनी करकर चावली, तोंड वाकडं केलं. "कडू हाये बे ही." बे कुणाला म्हणाले, कोण जाणे.

एवढ्यात शेजारचे नारायणराव धावत आले. किसनरावांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांच्या छातीत दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवलेली, त्यामुळं हृदयाच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा. खिशातून त्यांनी जिभेखालच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. ही गोळी आमच्याकडं आता घरोघर पोचलीय. मोबाईलवर कुणीतरी लिहून पाठवलं की छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवा, झालं, ज्याच्या त्याच्या खिशात.

"तोंड उघड किसन. हे ठेव, दोन मिन्टांत मोकळा होशील."

जयमालानं त्यांचं मनगट पकडलं.

आता अंगणात वीसेक माणसं जमली होती. सुनेनं परक्या वडीलधाऱ्याचं मनगट पकडलेलं सगळ्यांनी पाहिलं. नारायणराव आधी थिजले, मग भडकले. "सोड. अवो सोड! माणूस मरून राह्यला अन् हे गोळी देऊ देत नाई!"

"सर, नायट्रेटची गोळी आहे इथं. देऊ?" जयमाला फोनकडं तोंड करून ओरडली. मनगट सोडलं नाही.

"थांबा. एक विचारायचं राहिलंय. गेल्या दोन दिवसांत लैंगिक ताकदीचं काही घेतलंय का? असेल तर ही गोळी अजिबात नाही. दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जाईल."

फोन स्पीकरवर होता. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. बाया पदर तोंडाला लावून बाजूला वळल्या. गोकुळ मान खाली घालून चपलेकडं बघू लागला.

जयमालाचा चेहरा मी पाहिला. ती घाबरली ते मरणाला नाही. समोर सासरा बसलाय, त्याच्यापुढं ती चार शब्द सलग बोललेली नाही, आणि त्याचीच अट तिच्या डोक्यावर टांगलेली. तिनं पळवाट शोधली. हळूच म्हणाली, "मामाजी, कोणती गोळी-बिळी घेतली काय काल-परवा?"

"मी गोळ्यावाला माणूस नाई," किसनराव दम घेत म्हणाले. दुखण्यातही ताठा.

"नाही म्हणतात, सर."

"पाहा!" नारायणराव म्हणाले. "आता सोड."

तिनं हात सोडला नाही. मला वाटतं त्याच वेळी तिला ती पंपाची गोष्ट आठवली असेल, पण ती मात्र म्हणते काहीच आठवलं नाही, नुसता राग आला. सगळ्या अंगणाचा राग. ती खाली गुडघ्यांवर बसली, सासऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं:

"मामाजी, पुडी घेता काय तुम्ही? ताकदीची?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. किसनरावांचा पांढराफटक चेहरा लाल झाला. "गुडघ्याची होय ते," ते म्हणाले.

"गुडघ्याची होय?" तिनं सासूकडं मान वळवली. "आत्याबाई, तुम्ही सांगा. गुडघ्याची होय काय?"

मनकर्णाबाईंनी पदर पुढं ओढला. माझ्यासारखी बाई असती तर तिनं त्या सगळ्या अंगणाला आधी हाकलून लावलं असतं, आणि मी उठलेही होते. पण पदराआडून बारीक आवाज आला. "काल घेतली. झोपताना. गुडघ्याची नोहे."

"सर, काल रात्री पुडी घेतली, बाजारातली."

"मग ती गोळी विसरा. पडून राहू द्या, पाय जरा उंच, बीपी मोजत राहा. येतोय आम्ही."

जयमालानं मनगट सोडलं. नारायणरावांनी पाकीट खिशात घातलं आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेले. तेव्हा मला वाटलं, माणूस दुखावला.

गाडी आली. बुलडाण्याला नेलं, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. किसनराव वाचले. त्यांच्याही छातीत स्प्रिंग बसली.

इथं गोष्ट संपवली असती तर टाळ्या पडल्या असत्या. पण गावात टाळ्या पडत नव्हत्या. गावात हसणं चालू होतं. किसनरावांची पुडी पाराजवळच्या चहाच्या टपरीवर रोज उकळत होती. आणि घरात काय चाललं होतं? नणंद आली आणि म्हणाली, बापाची अब्रू वेशीला टांगली हिनं. नातेवाईक म्हणाले, एका चिमूटभर पुडीनं काय होते? त्यात तर अश्वगंधाच असते.

खरं सांगते, त्या पुडीत काय होतं ते आजही कुणाला ठाऊक नाही. उरलेली मनकर्णाबाईंनी चुलीत टाकली होती. डॉक्टर म्हणाले, असल्या पुड्यांत काही वेळा दवाखान्याच्या गोळ्या कुटून घालतात, काही वेळा नुसतं पीठ असतं. बघून ओळखता येत नाही, म्हणून आहेच असं धरायचं. मला एवढं पुरलं. जयमालाला नाही पुरलं.

"ताई, पीठच असलं तर?" ती माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. "मंग मी त्या माणसाले गोळी असून तळमळत ठेवलं. अन् वरून चारचौघांत नागवं केलं."

"आणि पीठ नसलं तर?"

"तेच त! मले कळणारच नाई. कधीच कळणार नाई."

मी तिच्यावर ओरडले. म्हणाले, तुझा धंदाच हा आहे, न कळता ठरवायचा. ती म्हणाली, तुम्हाले ओरडाले काय जाते. बरोबर होतं तिचं.

किसनराव घरी आल्यावर गोकुळमार्फत निरोप आला. आता गाडीवर जायचं नाही. परीक्षेला बसायचं नाही. शिकाऊ ड्यूटीचे थोडेच दिवस उरले होते. मी तणतणत त्यांच्या घरी गेले. किसनराव आतल्या खोलीत, दार लोटलेलं. मी बाहेरूनच म्हणाले, "ज्या पोरीनं तुम्हाला वाचवलं तिला कोंडता?" आतून मनकर्णाबाई आल्या, हात जोडले, "बाई, आज जा." गेले. मला दारातून परत फिरवलेलं मी सहसा विसरत नाही.

जयमाला भांडली नाही. हे मला अजून सोसत नाही. रोज सकाळी किसनरावांच्या गोळ्या वाटीत काढायची आणि दाराबाहेर उभी राहून, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "आत्याबाई, ही रक्त पातळ ठेवणारी. दात काढायचा झाला त आधी सांगायचं. ही कोलेस्टेरॉलची, रात्री. ही बीपीची, उठताना हळू उठायचं, चक्कर येते." किसनराव सगळं ऐकायचे. म्हातारा ओसरीवरही येईनासा झाला होता.

दसरा झाला, दिवाळीच्या तोंडाशी ते पहिल्यांदा बाहेर येऊन बसले. तेही नारायणराव बोलवायला आले म्हणून. पुन्हा मी तिथं होते, या वेळी गोकुळला झापायला आले होते. दोघं म्हातारे ओसरीवर. वांग्याच्या भावावर बोलणं चाललं होतं. बोलता बोलता नारायणरावांनी छाती चोळली.

"गॅस झाला वाटते," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा चोळली, खिशात हात घातला, पाकिटातून गोळी सोडवली.

"थांब बे!"

एवढ्या मोठ्यानं किसनराव ओरडतील असं त्यांच्या डॉक्टरलाही वाटलं नसतं. गोठ्यातून जयमाला शेणाच्या हातानं धावत आली. तिला वाटलं, पुन्हा सासऱ्यालाच काही झालं.

किसनराव तिच्याकडं बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदा सरळ तिच्याकडं. "सूनबाई, याले विचार."

"काय, मामाजी?"

"मले विचारलं तेच!"

नारायणराव गडबडले. "किसन, काई बोलते काय? मी काऊन घेऊ ते?"

"काऊन घेऊ म्हणते?" किसनराव खांबाला धरून उभे राहिले. "आपुन दोघानं संगं आणली बे ती धाडच्या बाजारातून! एकाच माणसाजवळून! तूच त नेलं होतं मले त्याच्याजवळ!"

गोकुळच्या हातातली दोरी खाली पडली. शेजारच्या भिंतीवर दोन डोकी वर आली. नारायणरावांची बायको सत्यभामाबाई शेजारच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. जयमालानं हात धोतराच्या फडक्याला पुसले आणि नारायणरावांचं मनगट धरलं. या वेळी नाडी बघायला.

"नारायणकाका, शेवटची कवा घेतली?"

"नाई घेत आता," ते पुटपुटले. "त्याच दिवशी फेकली. किसनची गाडी याच्या आधीच मी घरी जाऊन उकिरड्यावर फेकली."

"खरं?"

"लेकराची शपथ."

"म्हंजे तुले कळलं होतं!" किसनरावांचा आवाज फाटला. "कळलं होतं अन् दिवाळी आली तरी तू गप बसला? पारावर बसून हसत होते लोक, माह्या सुनेले नावं ठेवत होते, अन् तू चहा पेत बसला तिथं?"

"किसन, छातीत दुखून राह्यलं बे मले..."

"दुखू दे! बरा झाल्यावर पाहतो तुले!"

मी फोन लावला होता. तेच डॉक्टर. जयमालानं बीपी मोजलं, चांगलं होतं. पुडीचं सांगितलं, फेकून किती दिवस झाले ते सांगितलं, आता दुसरं काही नाही हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, द्या गोळी, पण उभं राहू देऊ नका, बसवून ठेवा, परत मोजा. तिनं गोळी नारायणरावांच्या जिभेखाली ठेवली. "गिळू नका. थुंकी बी गिळू नका एवढ्यात." त्यांना भिंतीला टेकवलं आणि पट्टा पुन्हा बांधला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या.

गाडी आली तेव्हा डॉक्टर खाली उतरले, म्हणाले, "जयमाला, मागं बस. मला मदत लागेल."

ती जागेवरच थांबली. गोकुळनं बापाकडं पाहिलं. सत्यभामाबाई गाडीत चढत होत्या, त्याही थांबल्या. मला तोंड उघडायचं होतं आणि मी दातांत जीभ धरून ठेवली, हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

किसनराव हातानं खांब घट्ट धरून उभे होते. आजारानं माणूस निम्मा झाला होता. "पाहते काय?" ते म्हणाले. "त्याच्याजवळ बस. रस्त्यात आणखी काई लपवून ठेवलं असन तेही काढ त्याच्या तोंडातून."

जयमालानं पदर खोचला आणि उडी मारून गाडीत चढली. दार लागता लागता आतून तिचा आवाज आला, "काका, गुडघ्याची त नाई ना घेत?"